ताई, ती साधी पट्टी माझ्यासाठी होती

माहीमच्या ताईंना सप्रेम नमस्कार.

ताई, हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण एकटीला गाठून आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. परवाही तेच केलंत. "आधी पायपिनाचे कोपरे दाखव," म्हणालात आणि माझं बोलणं तोंडातच राहिलं. म्हणून लिहूनच टाकते, म्हणजे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

माझी गोधडी पुरी झाली हे तुम्हाला माहीत आहेच. ती कुणामुळे पुरी झाली, हे मला परवा कळलं.

ज्यांना आमचा हा उद्योग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेडॅलियन क्विल्ट म्हणजे मधोमध एक देखणा तुकडा घ्यायचा आणि त्याच्याभोवती एकेक बॉर्डर लावत गोधडी बाहेर वाढवत न्यायची. आम्ही सात जणी महिन्याच्या पहिल्या शनिवारी ताईंच्या माहीमच्या घरी जमायचो. ताई मापं द्यायच्या, महिन्याला एक बॉर्डर. मापं सगळ्यांची एकच, कापड जिचं तिचं. याला क्विल्ट-अलाँग म्हणतात. एकमेकींना आम्ही राहत्या जागेवरून हाक मारतो. मुलुंड, पार्ले, गिरगावच्या वहिनी. मी परळ.

ताईंकडे येण्याआधी मी एका हॉबी क्लासला जात होते. नाव घेत नाही. फी सगळी आगाऊ घेतली. दुसरी बॉर्डर लावल्यावर माझा चौकोन जमिनीवर सपाट बसेना, कडेला झालरीसारख्या लाटा उठायला लागल्या. बाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "इस्त्री मारा, बसेल." इस्त्रीने काही बसलं नाही. कडा हाताळून हाताळून ताणलेल्या असतात, तिथलं माप घेऊन पट्टी कापली की ती लांबच जाते, म्हणून माप चौकोनाच्या मधोमध घ्यायचं असतं. एवढी साधी गोष्ट मला ताईंकडे पहिल्याच दिवशी कळली. तिथे पैसे मोजूनही कुणी सांगितली नव्हती. पुढे माझे बाबा आजारी पडले, ते त्यांचं शेवटचंच आजारपण. माझे वर्ग बुडाले. फोन केला तर उत्तर आलं, "तुमची बॅच पुढे गेली, आता पुढच्या बॅचला नवी फी भरून या." पैशांचं सोडा. बाबांचं कसं आहे, हे त्या बाईंनी एकदाही विचारलं नाही. ते लागलं, आणि अजून लागतं.

नंतर तो वेडावाकडा चौकोन मी नाक्यावरच्या टेलरकडे नेला. त्याने पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, कात्रणांचं काम आम्ही घेत नाही. नातेवाइकांपैकी एकीने तर ऐकवलं, की मुंबईत थंडी कुठे असते आणि रस्त्यावर इतकी स्वस्त ब्लँकेटं मिळत असताना हे कशाला.

त्या पिशवीत कात्रणं नव्हती. आईच्या रुखवतातला मोर होता. मॅटीच्या कापडावर भरलेला, मान साखळी टाक्याची, पिसाऱ्यातले डोळे भरीव टाक्याचे. एका डोळ्याचा निळा बाकीच्यांपेक्षा किंचित फिका, कारण आईचा निळा दोरा मध्येच संपला आणि त्याच लॉटचा पुन्हा मिळाला नाही. अनेक वर्षं तो काचेच्या फ्रेममध्ये होता. चाळीतल्या भिंतीला ओल आली तेव्हा उतरवला.

ताई, तुम्ही तो मोर टेबलावर पसरलात आणि पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलंत की ही तऱ्हा परदेशातून आलेली असली तरी तिच्यात आपला धागा आहे. कोरोमंडल किनाऱ्यावरची आपली रंगीत चिटं इंग्लंडात इतकी खपायला लागली, की तिथल्या लोकर-रेशीमवाल्यांनी ओरड केली आणि १७२१ मध्ये बहुतेक छापील सुती कापड वापरायलाच कायद्याने बंदी आली. ती उठली १७७४ मध्ये. अशा महाग कापडाचा हाती लागलेला तुकडा तिथल्या बायका जपून ठेवायच्या, त्यातली फुलं-पाखरं कापून गोधडीच्या मध्यावर लावायच्या आणि भोवती साध्या कापडाच्या चौकटी जोडत पलंगभर करायच्या. "मधला तुकडा मोठा करता येत नाही, म्हणून त्याच्याभोवती वाढायचं," असं तुम्ही म्हणालात. मग माझ्या त्या दोन्ही बिघडलेल्या बॉर्डर तुम्ही स्वतः बसून उसवल्यात. मोराच्या कापडाला एकही छिद्र वाढू दिलं नाहीत.

मोराचा १२ इंची चौकोन शंकरपाळ्यासारखा तिरका ठेवून चार कोपऱ्यांना त्रिकोण जोडले, की तो १७ इंचांचा होतो. पहिली बॉर्डर मी बाबांच्या गिरणीच्या पॉपलिनची लावली. बाबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि नंतर बाबांनी गिरणीची पायरी पुन्हा चढली नाही. त्याआधी आईने गिरणीच्या दुकानातून घेतलेलं ते पांढरं कापड ट्रंकेत घडी करून ठेवलेलं होतं. कापायला घेताना माझा हात थांबला होता. तुम्ही मला घाई केली नाहीत. बाकीच्या जणी दुसऱ्या बाजूला लागल्या होत्या, तुम्ही मात्र माझ्याशेजारी उभ्या राहून बॉबिन भरत होतात.

दुसरी बॉर्डर झाली, तिसरी ४ इंची चौकोनांची निम्मी झाली, आणि ऐन पावसाळ्यात आई चाळीच्या ओल्या जिन्यावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग अंथरुण. ऑफिसात रजेचा अर्ज दिला तर साहेबांनी "घरात दुसरं कुणी नाही का?" असं विचारलं. एकुलत्या एक मुलीला हा प्रश्न कसा लागतो ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. त्या शनिवारी मी आले नाही. रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून तुम्हाला फोन केला आणि म्हणाले, ताई, मी आता यातून बाहेर पडते, तुम्ही सगळ्या पुढे जा, माझ्यासाठी थांबू नका. तुम्ही गोधडीबद्दल चकार शब्द काढला नाहीत. "आईंना जेवण जातंय का?" एवढंच विचारलंत.

दोन दिवसांनी ग्रुपवर तुमचा निरोप आला. चौथी बॉर्डर पाखरांची, म्हणजे त्रिकोण जोडून केलेल्या नक्षीची नाही. सगळ्यांच्या मापांत थोडाथोडा फरक पडला आहे, तो पुढे वाढत जाईल, म्हणून आधी ३ इंचांची साधी पट्टी लावा. जरा रुंदच कापा, जोडून झाल्यावर शिवणीसकट साडेबेचाळीसला छाटा, म्हणजे सगळ्या जणी ४२ वर येतील.

कारण अगदी रास्त होतं. साधी पट्टी हेच तर काम करते. आतल्या चौकटींत कुणाचा पाव इंच इकडे, कुणाचा तिकडे गेलेला असतो, तो ती पोटात घेते आणि पुढच्या बॉर्डरला सरळ पाया देते. मला काही शंका आली नाही. नवरा रात्री आईजवळ थांबला, मी घरी आले आणि तिसऱ्या बॉर्डरच्या राहिलेल्या बाजू आणि ती पट्टी एका बसणीत उरकली. पाखरं असती तर शक्यच नव्हतं. एकेका पाखराला एक मोठा आणि दोन छोटे त्रिकोण, तिरक्या कडा हात लावला की ताणतात, खळ लावून जपून शिवावं लागतं, आणि टोकाच्या वर बरोबर पाव इंच कापड राहिलं नाही तर पुढच्या शिवणीत टोक छाटलं जातं. तेव्हा हॉस्पिटलातून आल्यावर माझे हात थरथरायचे. पुढच्या शनिवारी मी माहीमला आले तेव्हा सगळ्यांच्या बरोबरीने ४२ वर होते. मनात म्हटलं, नशीब बलवत्तर.

परवा तुमच्याकडे मोजायची मोठी पट्टी शोधताना कपाटावरची फाईल खाली पडली आणि आपल्या गोधडीचा मूळ ग्राफ पेपर बाहेर आला. चौथ्या ओळीत "पाखरं ३ × ६, बाजूला ६" लिहून खोडलेलं. पाचव्या ओळीतली पट्टी बाण काढून वर नेलेली. खालचे सगळे आकडे खोडरबराने इतके घासलेले की कागद पातळ झाला होता. आणि समासात तुमच्या बारीक अक्षरात, पेन्सिलीने: "पट्टी आधी. परळला गाठता येईल."

मी कागद परत फाईलमध्ये ठेवला. तुम्ही आत पोहे करत होतात.

माहीम स्टेशनकडे जाताना मी मुलुंडला विचारलं. ती म्हणाली, हो, ताईंनी प्रत्येकीला वेगवेगळा फोन केला होता. पट्टी आधी घेतली तर पाखरं वाढतील, कुणाची हरकत आहे का, असं विचारलं होतं. आणि तिला सांगू नका म्हणाल्या, उगाच ओझं घेईल.

पाखरं वाढतील हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घरी येऊन कागदावर मांडलं. चौकोन ३६ चा असता तर ६ इंची पाखरं एका बाजूला ६ बसली असती. आधी पट्टी लावून तो ४२ चा झाल्यावर एका बाजूला ७ बसली. म्हणजे चार बाजूंना मिळून प्रत्येकीला चार पाखरं जास्त शिवावी लागली. माझ्याशिवाय सहा जणी. माझ्या आईचा खुबा मोडला म्हणून या मुंबईत २४ पाखरं जास्तीची शिवली गेली, आणि एकीनेही मला त्याचा सुगावा लागू दिला नाही. गिरगावच्या वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, टोक जुळवताना त्यांना भिंग लागतं. त्यांनीसुद्धा चार जास्त शिवली. वहिनी, हे वाचत असाल तर तुमच्याही पाया पडते.

तेव्हापासून मी याचाच विचार करते आहे. मदत करणारी माणसं आयुष्यात भेटली नाहीत असं नाही. पण बहुतेकांची मदत घेताना आपण मागे पडलोय, आपल्यासाठी कुणाला थांबावं लागतंय, हे आधी कबूल करावं लागतं. मग मदत मिळते, वर चार शब्दही मिळतात. तुम्ही मला ते कबूल करायची वेळच येऊ दिली नाहीत. मी थांबू नका म्हणाले आणि तुम्ही थांबला नाहीतच. वाटच अशी वळवलीत की मी आपोआप तुमच्या बरोबर आले. शिवाय जे कारण सांगितलंत ते खरंच होतं, सगळ्यांच्याच उपयोगाचं होतं. खोटं बोलायचीही तुम्हाला गरज पडली नाही.

अशी माणसं या शहरात आहेत, हे मला मोठ्याने सांगायचं आहे. संध्याकाळच्या गर्दीत लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर थोडं सरकून चौथीला टेकायला जागा करून देणारी आणि तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. ती थँक्यूची वाट बघत नाही. चांगुलपणा म्हणजे मला तोच वाटतो. तो असतो सगळीकडे, फक्त आवाज करत नाही, आणि बॅच पुढे गेली म्हणणाऱ्यांचा आवाज मात्र कानात राहतो. म्हणून हे पत्र उघड लिहिलं.

आता गोधडीबद्दल. सात बॉर्डर लावून ती ६० इंचांची झाली. खाली मांजरपाट, मध्ये आईची दोन विरलेली लुगडी, वरून हाताने धावदोरा. आई आता वॉकर घेऊन घरात फिरते. तिने गोधडी खाटेवर पसरायला लावली आणि चष्मा लावून मध्यापासून बाहेर एकेक चौकट अंगठ्याने चाचपत आली. पॉपलिनवर थांबली, काही बोलली नाही. साध्या पट्टीवर आली तेव्हा म्हणाली, "इथे डोळ्याला बरं वाटतं गं, विसावा मिळतो." तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ऐकून तिने पहिला प्रश्न विचारला, "त्या बाईंना जेवायला बोलावलंस का?"

तर ताई, बोलावते आहे. येत्या रविवारी दुपारी. आई स्वतः खुर्चीवर बसून पुरणपोळ्या लाटणार आहे, तिला नाही म्हणायची सोय नाही. सगळ्या जणींना घेऊन या, जिना जपून चढा, वरच्या वळणावर आता नवा दिवा बसवून घेतला आहे. आणि दिवाळीनंतर तुमची नवी तुकडी सुरू होईल तेव्हा आकडेमोडीला मला बसवा. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी थेट माहीमला येऊ शकते. ग्राफ पेपर मी आणते, मापं मी काढून ठेवते, तुम्ही फक्त तपासा. हो म्हणा.

तुमची,
परळ