गोळीची वेळ आणि बाबांचा स्वभाव

ती. दादा आणि सौ. वहिनी,
सा. न.

बाबांचे रिपोर्ट आणि न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी मिळाली. फोनवर बोलायला गेलं की अर्ध्या गोष्टी राहून जातात, म्हणून हे पत्र. लांबलं तर वाचायला दोन दिवस घ्या.

दादा, तुझ्या तक्रारीपासूनच सुरू करते. बाबा हल्ली चेहरा टाकून बसतात, काही विचारलं तर पुटपुटतात. सकाळी शर्टाची बटणं स्वतः लावतात आणि दुपारी तीच बटणं लावायला तुला हाक मारतात. "मनात आलं की सगळं करतात," असं तू लिहिलंयस. हे मनावर नाही रे. रोज असे रुग्ण बघते म्हणून सांगते, पार्किन्सनच्या माणसाला घरच्यांकडून सगळ्यात जास्त बोलणी खावी लागतात ती याच कारणासाठी. तो आळशी ठरतो, हट्टी ठरतो, नाटकी ठरतो, आणि दोष सगळा एका रसायनाचा असतो.

ते रसायन म्हणजे डोपामिन. मेंदूच्या खोल भागात काळसर दिसणाऱ्या पेशींचा एक छोटा पट्टा असतो, तिथे ते तयार होतं. या आजारात त्या पेशी हळूहळू मरतात, पट्टा फिकट पडत जातो. आपण चालताना हात हलवायचे असं ठरवत नाही, बोलताना चेहरा हलवायचा असंही ठरवत नाही. न ठरवता होणाऱ्या या सगळ्या हालचाली डोपामिनच्या जिवावर चालतात. ते कमी पडलं की प्रत्येक गोष्ट माणसाला मुद्दाम, लक्ष देऊन करावी लागते. बटण लावताना बाबांची बोटं बघ एकदा. काज्यापर्यंत बटण येतं, बोटं तिथेच थांबतात, मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या बटणापर्यंत माणूस दमतो.

चेहऱ्याचंही तेच. चेहऱ्याचे स्नायू कमी हलतात, डोळ्यांची उघडझाप कमी होते, आणि समोरच्याला वाटतं हे रागावलेत किंवा यांना कशात रसच नाही. आतून बाबा पूर्वीइतकेच हसत असतील. म्हणून चेहरा बघून अंदाज बांधू नका, सरळ विचारा. आवाज बारीक होतो तेव्हा त्यांना स्वतःला तो व्यवस्थितच ऐकू येतो. "मोठ्याने बोला" म्हटल्यावर त्यांना वाटतं आपण ओरडतोय. आवाजाचे व्यायाम शिकवणारे स्पीच थेरपिस्ट असतात आणि त्या व्यायामांचा उपयोग होतो, पण रोज करावे लागतात.

तू विचारलंस, एमआरआय नॉर्मल आहे तर पार्किन्सन कशावरून? हा आजार साध्या एमआरआयमध्ये दिसत नाही. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीतही सापडत नाही. एमआरआय करतात तो दुसरं काही नाही ना हे बघायला. निदान होतं ते डॉक्टरांच्या नजरेने आणि हातांनी: हालचाली मंदावल्यात का, सांधे हलवून बघताना ताठरपणा लागतो का, हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो का, एकाच बाजूने सुरुवात झाली का. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सनने या आजारावर पहिला निबंध लिहिला तो सहा माणसांना बघून, आणि त्यातली काही त्याने फक्त रस्त्यात पाहिली होती. ताठरपणा मात्र त्याच्या नजरेतून निसटला. हात लावल्याशिवाय तो कळणार तरी कसा! आम्हा फिजिओथेरपीवाल्यांना ही गोष्ट फार आवडते.

मागे वळून बघितलंस तर खुणा आधीच्या आहेत. बाबांना वास येईनासा झाला होता, बद्धकोष्ठ जुनंच, आणि झोपेत ते ओरडायचे, लाथा मारायचे. हे सगळं हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं. त्या वेळी कुणालाही संशय आला नसता, तेव्हा आई, "माझ्या लक्षात यायला हवं होतं" हे आता पुरे. आणि दादा, तू आडून विचारलंस ते उघडच लिहिते. बहुतेक रुग्णांमध्ये हा आजार आईवडिलांकडून सरळ मुलांकडे येत नाही. बाबांचं वय आणि घराण्यात दुसरं कुणी नसणं बघता तू त्या काळजीत झोप घालवू नकोस.

आता गोळी. हा पत्राचा मुख्य भाग आहे, वहिनी, तू नीट वाच.

डोपामिन थेट दिलं तर ते मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा हे औषध मात्र शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. स्वीडनच्या आर्विड कार्लसनने १९५०च्या दशकात औषध देऊन निपचित पाडलेल्या सशांना लेव्होडोपा दिलं आणि ते पुन्हा हिंडू लागले. त्याला २००० साली नोबेल मिळालं. बाबांच्या गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा आहे. त्यामुळे लेव्होडोपाचं रूपांतर वाटेतच होत नाही आणि मळमळ कमी होते. गोळी आजार बरा करत नाही, थांबवतही नाही. पण हालचाल परत आणून देते, आणि ही काही छोटी गोष्ट नाही.

अडचण अशी की लेव्होडोपा रक्तात फार वेळ टिकत नाही, साधारण दीड तासात निम्मं होतं. सुरुवातीच्या वर्षांत मेंदू थोडं साठवून ठेवतो, त्यामुळे दिवस सारखा जातो. पेशी कमी होत गेल्या की साठवण संपते आणि माणूस गोळीबरोबर चढतो, गोळीबरोबर उतरतो. सकाळचे बाबा आणि दुपारचे बाबा वेगळे दिसतात ते यामुळे. दुपारी ते तुला हाक मारतात तेव्हा बहुधा गोळीचा अंमल उतरलेला असतो.

म्हणून एक वही घाला. गोळी किती वाजता दिली, अंमल किती वाजता आला, कधी उतरला, जेवण कधी झालं, आणि मध्येच हातपाय किंवा मान आपोआप वळवळली का. ती वळवळ आणि थरथर यांत घोटाळा करू नका. वळवळ बहुधा गोळीचा अंमल जोरात असताना होते, थरथर उतरल्यावर वाढते. डॉक्टरांना यातलं कुठलं हे कळलं नाही तर डोस वाढवायचा की कमी करायचा, इथेच गडबड होते. मोबाइलवर दोन्ही वेळची चित्रफीत काढून ठेव. दवाखान्यात गेल्यावर माणूस नेमका बरा चालतो, हा जगभरचा अनुभव आहे.

गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून आत जायला एकाच दाराशी गर्दी करतात, आणि गोळी मागे राहते. प्रथिनं बंद करायची नाहीत, बाबा आधीच बारीक झालेत. फक्त गोळीच्या वेळेपासून लांब ठेवायची. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. गजर लावा, आणि पाहुणे आले, समारंभ आहे, झोप लागली, असलं कुठलंही कारण ऐकू नका. मनाने गोळी एकदम बंद तर कधीच करू नका. ताप, कडक ताठरपणा, भान हरपणं, असं जिवावर बेतू शकतं. उद्या दुसऱ्या कशासाठी इस्पितळात ठेवावं लागलं तर वेळांचा कागद सोबत न्या आणि तिथल्या नर्सच्या मागे लागा. वाईट दिसलं तरी चालेल.

शेजारच्या काकांनी खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण सुचवलंय म्हणे. ते काका अगदीच चुकीचे नाहीत, त्या बियांमध्ये खरोखरच लेव्होडोपा असतं. आणि घोळ तोच आहे: गोळीवर ते घेतलं तर पोटात किती गेलं याचा हिशोब कुणालाच लागणार नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणखी एक, हे कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवा. मळमळीवर मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन, चक्करेवर सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, आणि भ्रम-बेचैनीवर हॅलोपेरिडॉल, ही औषधं डोपामिनच्याच आड येतात आणि बाबांचा त्रास वाढवतात. कुठलाही नवा डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागला की आधी "पार्किन्सन आहे" हे सांगायचं.

पाय जमिनीला चिकटतात, विशेषतः दारात आणि वळताना, असं लिहिलंयस. तेव्हा ओढू नका. ओढलं की धड पुढे जातं, पाय तिथेच राहतात आणि माणूस पडतो. "चला चला" म्हणू नका, घाईने पाय आणखी चिकटतात. थांबू दे. उभ्या उभ्या वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायला सांगा, मग "एक, दोन" म्हणत पहिलं पाऊल मोठं. समोर तुझा पाय आडवा धर आणि तो ओलांडायला सांग. गंमत वाटेल, पण एरवी हलत नसलेला पाय समोर रेघ दिसली की उचलला जातो. आमच्याकडे याच कारणासाठी जमिनीवर पट्ट्या चिकटवतात. दारात रंगीत पट्टी लावून बघा. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठं वळण घ्यायचं. आणि चालताना त्यांच्याशी बोलू नका, हातात काही देऊ नका.

व्यायामाबद्दल मी पक्षपाती आहे हे मान्य, तरी सांगते: हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. गोळीचा अंमल असतानाच करायचा. मोठी पावलं, मोठे हात, थोडा दम लागेल असा. सोबत कुणीतरी हवं. सकाळी उठल्यावर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसल्याशिवाय उभं राहायचं नाही, या आजारात रक्तदाब उभं राहताच खाली येऊ शकतो.

एखाद दिवशी बाबा अचानक फारच बिघडले तर आजार एका रात्रीत वाढला असं समजू नका. लघवीचा संसर्ग, साठलेलं पोट किंवा चुकलेला डोस, आधी हे बघा. पाणी पिताना ठसका लागायला लागला तर लगेच कळवा, त्यातून छातीत संसर्ग होतो. नसलेली माणसं किंवा प्राणी दिसायला लागले तर वाद घालू नका, डॉक्टरांना सांगा. बऱ्याचदा औषधाने होतं, ते बदलता येतं. डॉक्टरांनी पुढे प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल, म्हणजे याच आजाराचं दुसरं औषध, सुरू केलं तर अचानक पैसे उधळणं, जुगार, कशाचं तरी वेड लागणं यावर लक्ष ठेवा. हे सांगायला रुग्ण लाजतात. आणि उदासपणा हा आजाराचाच भाग असतो, त्यावर वेगळे उपचार आहेत. "मन रमवा" म्हणून तो जात नाही.

मेंदूत तारा घालायच्या शस्त्रक्रियेबद्दल तू विचारलंस. ती चांगली आहे, पण गोळीला प्रतिसाद चांगला असूनही दिवसभर चढउतार होतो अशा निवडक रुग्णांसाठी. बाबांची ती वेळ आलेली नाही.

वहिनी, रात्री तू किती वेळा उठतेस ते तू लिहिलं नाहीस, पण आईने सांगितलं. दादा, आठवड्यातल्या काही रात्री तुझ्या. पगारी मदतनीस ठेवायचा विषय बाबा उडवून लावतील, तरी काढा. माझा वाटा मी दर महिन्याला पाठवते, त्यावर चर्चा नको.

पत्र बाबांनाही वाचू दे. त्यांच्या शरीराबद्दल आहे, त्यांना नापसंत असेल ते ते खोडतील. वही आजपासून सुरू करा आणि पहिली पानं भरली की मला फोटो पाठवा, तपासणीआधी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आपण मिळून काढू.

आईला आणि बाबांना शि. सा. न.

तुझी,
छोटी