टाक्यांपलीकडची शुश्रूषा

महोदय,
शस्त्रक्रिया यशस्वी झाली की डॉक्टरांना पेढे मिळतात (मिळावेतच), पण रुग्णाची खरी रात्र त्यानंतर सुरू होते. सर्जिकल वॉर्डात तीस वर्षे काढलेल्या माझ्यासारखीच्या लेखी चांगली शुश्रूषा म्हणजे आधी ‘किती दुखतंय?’ हे विचारणे. बायका तर ‘बरं आहे’ म्हणत दातओठ आवळून पडून राहतात. दुखतं म्हणून खोकत नाहीत, खोल श्वास घेत नाहीत. मग कफ साचतो, न्यूमोनियाची भीती. वेळेवर वेदनाशामक दिलं, पोटाशी उशी धरून खोकायला शिकवलं, हात धरून चार पावलं चालवलं, तर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही घटतो.

याला वेळ लागतो. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डासाठी ३ रुग्णांमागे १ परिचारिका असा आहे. रात्रपाळीला मी एकटीने ४० खाटा सांभाळल्या आहेत. तेव्हा ड्रेनमधलं (जखमेतला स्राव बाहेर आणणाऱ्या नळीतलं) रक्त मोजायचं, सलाईन बदलायची, की घाबरलेल्या आजींशी बोलायचं? बहुतेकदा आजीच राहून जातात.

आणि हो, ‘गॅस पास झाला का?’ हे सिस्टर चेष्टेने विचारत नाहीत. आतडी पुन्हा चालू झाल्याची ती खूण असते.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा