अंटार्क्टिकाला जाताना बूट घरूनच घासून न्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली मुंबई-पुण्याहून अंटार्क्टिकाला ग्रुप टूर जातात, आम्ही दोघं पण रिटायरमेंटचे पैसे मोडून गेल्या सीझनला जाऊन आलो, त्यावरून दोन शब्द. जायच्या आधीच्या मीटिंगमध्ये टूरवाल्यांनी व्हिसा, थर्मल आणि जेवणात वरणभात मिळणार का हे सगळं तासभर सांगितलं, पण अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदरातून निघाल्यावर ड्रेक पॅसेजचे, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या समुद्राचे, जे दोन दिवस लागतात ते 'रेस्ट डे' म्हणून एका वाक्यात उडवले. काही रेस्ट वगैरे नसते हो.

उशुआयाजवळची बीगल चॅनेल ही सामुद्रधुनी संपून रात्री बोट उघड्या समुद्राला लागली आणि पहाटेपर्यंत बोटीतली अर्धी माणसं आडवी. दक्षिण अमेरिकेचं टोक केप हॉर्न ते अंटार्क्टिकाजवळची साउथ शेटलंड बेटं हे अंतर साधारण आठशे किलोमीटर, आणि त्या अक्षांशावर पृथ्वीभोवती लाटांना अडवायला जमीनच नाही, त्यामुळे पाणी नुसतं गोल फिरत असतं. कॉरिडॉरच्या कठड्याला ओळीने उलटीच्या पिशव्या खोचून ठेवलेल्या! आमच्या हिला बोट लागली, ती गोळी घेऊन झोपली, मी मात्र आलेपाक चघळत मागच्या डेकवर. तिथे वाँडरिंग अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी बघितला, पंखांचा पसारा तीन मीटरच्या वर, आणि अर्धा तास बोटीमागे येत होता पण पंख हलवला असेल तर शपथ. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदम हवा बदलली, धुकं आलं, गाईड म्हणाला कन्व्हर्जन्स ओलांडला, म्हणजे जिथे दक्षिणेचं गार पाणी उत्तरेच्या उबदार पाण्याखाली जातं ती रेषा.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्याच दुपारी सगळ्यांना आपापले बूट, जॅकेट, बॅगा घेऊन लाउंजमध्ये बोलावलं, तिथे व्हॅक्यूम क्लीनर, ब्रश आणि चिमटे मांडलेले. माझी सॅक सह्याद्रीत वापरलेली, तिच्या वेल्क्रोमधून बोटीच्या स्टाफमधल्या एका मुलीने चिमट्याने सात कुसळं काढली, सात! राजगडाची असणार बहुतेक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने सांगितलं की अख्ख्या अंटार्क्टिकात फुलणारी मूळची झाडं फक्त दोन, आणि तिथल्या किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या स्टेशनजवळ १९८०च्या दशकात आपल्या लॉनवर असतं तसलं एक साधं गवत रुजलं ते अजून निस्तरतायत. माणसांच्या सामानातूनच गेलं असणार म्हणे. शेवटी फॉर्मवर सही, मगच किनाऱ्यावर उतरायचं, ते पण एका वेळी शंभरच माणसं, पेंग्विनपासून पाच मीटर लांब, आणि बर्डफ्लूमुळे बर्फावर बसायचं सुद्धा नाही.

आता आमच्या ग्रुपचं ऐका. ब्रीफिंग कंपल्सरी असून चौघं पत्ते खेळत बसले, नाव पुकारून बोलवावं लागलं, आणि एका काकांनी चिक्की किनाऱ्यावर न्यायची म्हणून वाद घातला, पाण्याशिवाय खायचं काही नेता येत नाही हे त्यांना पटेचना. तो नियम काही बोटवाल्यांनी मनाने काढलेला नाही, अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपायचा आंतरराष्ट्रीय करार, माद्रिद प्रोटोकॉल, १९९८ पासून लागू आहे, भारतानेही २०२२ मध्ये स्वतःचा अंटार्क्टिक कायदा केलाय. गोव्याहून आपली पहिली मोहीम १९८१ मध्ये गेली, म्हणजे आपण काही नवखे नाही तिथे.

(आपल्याकडे बाहेरून आलेल्या घाणेरी नि रानमोडीने डोंगरच्या डोंगर भरलेत, गडाच्या पायथ्याशी कोणी बूट तपासला तर मारामारी होईल, ते जाऊ दे.)

टूर कंपन्यांना एवढीच विनंती की त्या मीटिंगमध्ये वरणभाताची दहा मिनिटं कमी करून बूट, वेल्क्रो, सॅकचे कप्पे घरूनच धुऊन आणायला सांगा, आणि जुनी ट्रेकिंगची सॅक आणूच नका म्हणा. माझी ती मुलगी अजून डोळ्यासमोर आहे, चिमट्यात कुसळ धरून विचारत होती, हे कुठलं गवत, आणि मला नाव सांगता आलं नाही.

आपला,
एक वाचक, डोंबिवली