कर्लीची लाच आणि देवाची मर्यादा

चि. ताई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

निबंधासाठी ॲल्विन प्लँटिंगा हे अमेरिकी तत्त्वज्ञ वाट्याला आले म्हणून तू नाराज आहेस, आणि 'श्रद्धेचे वकीलपत्र घेतलेल्या माणसाकडून तत्त्वज्ञान ते काय शिकायचे', असे तू विचारतेस. वकीलपत्र त्यांनी घेतले आहे, हे खरेच. ते त्यांनी कधी लपवले नाही. पण आपल्याला नेमके किती सिद्ध करायचे आहे, हे त्यांनी कसलेल्या वकिलासारखे आधी ठरवले आणि त्याहून अधिक सिद्ध करण्याच्या भरीस ते पडले नाहीत. माझा आदर आहे तो यासाठी, त्यांच्या देवासाठी नव्हे.

त्यांचा जन्म 1932 सालचा, मिशिगनमधील ॲन आर्बरचा. घराणे डच वंशाचे, कॅल्व्हिनपंथी (प्रोटेस्टंट ख्रिस्ती), आणि वडीलही अध्यापक. शिष्यवृत्तीवर ते हार्वर्डला गेले, तेव्हा धर्माची टर उडवणारी हुशार माणसे त्यांना भेटली आणि त्यांचा विश्वास डळमळू लागला. पुढे एका अंधाऱ्या, वाऱ्यापावसाच्या संध्याकाळी जेवण आटोपून, वायडनर ग्रंथालयावरून ते आपल्या पाचव्या मजल्यावरच्या खोलीकडे निघाले होते (लिफ्ट नव्हती, आणि वरच्या स्वस्त खोल्या शिष्यवृत्तीवाल्यांच्या), तेव्हा आकाश उघडल्यासारखे वाटले, विलक्षण संगीत ऐकू आल्यासारखे वाटले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यानंतर देवाच्या अस्तित्वाचे वाद त्यांनी घातले खरे, पण ते बहुतेक वेळा त्यांना केवळ अभ्यासापुरते वाटत. मग 1951 च्या वसंतातल्या सुट्टीत ग्रँड रॅपिड्सला आईवडिलांकडे आले असताना ते केल्विन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या हॅरी जेलेमा यांच्या वर्गात जाऊन बसले, आणि एवढ्यावर हार्वर्ड सोडून तिकडे दाखल झाले. त्यांच्या वडिलांच्या जागी मी असतो तर अडवले असते, हे तुझ्यापाशी कबूल करतो.

येल विद्यापीठाची डॉक्टरेट, मग वेन स्टेट विद्यापीठात अध्यापन, 1963 पासून पुन्हा केल्विन आणि 1982 पासून नोटर डेम विद्यापीठ, हा तपशील तुला कुठेही मिळेल. निबंधात वेळ घालवायचा तो 1974 सालच्या 'गॉड, फ्रीडम अँड ईव्हिल' या छोट्या पुस्तकावर. देव सर्वशक्तिमान आहे, तो पूर्णपणे चांगला आहे, आणि तरीही जगात दुष्टता आहे, ही तीन विधाने एकत्र नांदूच शकत नाहीत, असे जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञांनी 1955 मध्ये मांडले होते. देवाने दुष्टता का चालू दिली, याचे कारण सांगण्याच्या फंदात प्लँटिंगा पडलेच नाहीत. विसंगतीचा आरोप खोडायला विधाने एकत्र खरी असू शकतात एवढे दाखवणे पुरते. ती खरी आहेत, हे दाखवावे लागत नाही.

त्यासाठी त्यांनी बॉस्टनचा एक काल्पनिक महापौर उभा केला, कर्ली. रस्त्याच्या योजनेला असलेला विरोध मागे घ्यावा म्हणून महामार्गाचा अधिकारी त्याला 35 हजार डॉलर देऊ करतो, आणि कर्ली ते घेतो. मग तो अधिकारी रात्रभर तळमळत राहतो, की हा 20 हजारांत पटला असता का! हसू येते, पण सगळी मेख त्या तळमळीत आहे. 20 हजारांत कर्लीने स्वखुशीने काय केले असते, याचे काही एक उत्तर असेल, तर ते कर्लीच्या हातात आहे. त्याला स्वतंत्र ठेवून देवाला ते बदलता येत नाही. म्हणजे जे जे जग शक्य आहे ते ते देवाला घडवता येईलच, ही जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझची समजूत चुकली. माणसे स्वतंत्र असूनही कधीच चुकत नाहीत असे जग कल्पनेत शक्य असेल, पण ते देवाच्या आवाक्यात नसेल, हे संभवते. भूकंप आणि रोगराई यांचे काय, तर तीही कदाचित सैतानासारख्या स्वतंत्र शक्तींची करणी असेल, असे ते म्हणतात. इथे वाचक खो-खो हसतात आणि फसतात, कारण 'कदाचित' एवढेच प्लँटिंगांना हवे असते. प्रत्यक्ष दुःखात सापडलेल्या माणसाला तत्त्वज्ञान नव्हे, आध्यात्मिक धीर हवा, हेही त्यांनी त्याच पुस्तकात सांगितले आहे. मॅकी यांच्या निधनानंतर 1982 मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात या मुद्द्यावर बरीच माघार दिसते.

पुढचे प्लँटिंगा मला तितके पटत नाहीत. देवावरचा विश्वास पुराव्याविनाही पायाभूत आणि सयुक्तिक असू शकतो, असे ते म्हणू लागले. मग चित्रकथेतला तो पोरगा दर हॅलोविनला महाभोपळा येणार असे मानतो, त्याचाही विश्वास पायाभूत का नाही, हा आक्षेप त्यांनी आपणहून मांडला आणि त्याला उत्तर दिले. त्या उत्तराला मी पैकीच्या पैकी देणार नाही, पण भोपळाही देणार नाही. वेगळ्या धर्माचा माणूस तेच शब्द वापरून आपला देव पायाभूत ठरवू लागला, तर त्याला कोणत्या तोंडाने थांबवायचे, एवढे मला अजून कळलेले नाही.

माझी प्रत टपालाने पाठवतो आहे. कर्लीच्या पानावर पेन्सिलीने केलेले प्रश्नचिन्ह माझे आहे: कधी विचारलाच न गेलेल्या प्रश्नाला मुळात ठरलेले उत्तर असते का? तुझे उत्तर निबंधात घालण्याआधी मला कळव.

तुझे
बाबा