कचरा देताना एवढे पाळा

नमस्कार मंडळी,

आपल्याकडे रोज येणाऱ्या कचरावेचक ताई 'स्वच्छ'च्या सभासद आहेत, म्हणजे त्या सहकारी संस्थेच्या मालकच. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, त्यातूनच २००८ मध्ये 'स्वच्छ' आली. सुक्या कचऱ्यातले भंगार विकून येणारे पैसे ताईंचे असतात. खरकट्यात भिजलेला कागद कोणी घेत नाही. म्हणून ओला-सुका वेगळाच द्या.

सॅनिटरी पॅड, डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. फुटकी काच, ब्लेड वेगळ्या पुडीत, सांगून द्या. ताईंचे कापलेले हात पाहवत नाहीत!

महिन्याचे शुल्क १० तारखेच्या आत, थेट त्यांच्याच हाती द्यावे.

— सचिव