फौजेची कथा म्हणजे वेष्टन नव्हे

मा. संपादक,
स. न.

टेबलावर मूर्ती मांडून खेळायच्या युद्धखेळांवरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. या छंदावर मराठीत क्वचितच लिहिले जाते, म्हणून लेखाचे स्वागत. पण त्यातले मुख्य विधान पटण्यासारखे नाही. लेखाचे म्हणणे असे, की फौजांच्या कथा हे मूर्ती विकण्यासाठीचे वेष्टन आहे. आतून सगळ्या फौजा सारख्याच असतात आणि तशा असाव्याच लागतात, नाहीतर डाव न्याय्य होणार नाही. बुद्धिबळाला हे लागू आहे. प्रशियाच्या सैन्यासाठी राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या क्रीगश्पील या युद्धखेळालाही बरेचसे लागू आहे, कारण तिथे लाल आणि निळ्या ठोकळ्यांवर अधिकाऱ्यांचा निर्णय तपासायचा होता. पण १९८३ चा वॉरहॅमर, १९८४ चा बॅटलटेक आणि त्यांच्यानंतरचे बहुतेक खेळ वेगळ्या पायावर उभे आहेत. तिथे कथेतूनच नियम निघतात, आणि चांगली फौज कोणती हे तिच्या उणिवेवरून कळते.

१९८७ पासून चालत आलेल्या वॉरहॅमर ४०,००० मधली दोन माणसे घेऊ. स्पेस मरीन हा जाड चिलखतातला अतिमानव. इंपीरियल गार्डचा शिपाई हा साधा माणूस, हातात लासगन ही लेझर रायफल, आणि मागे त्याच्यासारखेच असंख्य. खेळात हा फरक फाशांच्या तीन फेकींतून उतरतो: नेम लागला का, जखम झाली का, चिलखताने वाचवले का. २०२३ च्या दहाव्या आवृत्तीचे आकडे पाहा. शिपायाचा नेम ४ किंवा वर पडले तर लागतो, म्हणजे १/२. त्याच्या लासगनची ताकद ३ आणि मरीनचा कणखरपणा ४, म्हणून जखमेला ५ किंवा ६ हवा, म्हणजे १/३. मरीनचे चिलखत ३ पासून पुढे वाचवते, ते फसण्याची शक्यता १/३. गुणाकार १/१८. मरीनला पाडायला दोन जखमा लागतात, म्हणून सरासरी ३६ गोळ्या. आता उलट बाजू. मरीनच्या बोल्ट रायफलचा नेम २/३ वेळा लागतो, जखम २/३ वेळा होते, आणि ती रायफल चिलखत एका पायरीने भेदत असल्याने शिपायाचे ५ वर वाचवणारे चिलखत ६ वर जाते, म्हणजे ५/६ वेळा फसते. गुणाकार १०/२७. तीन गोळ्यांच्या आतच एक शिपाई आडवा होतो. 'एक मरीन अनेकांना भारी' हे वाक्य नियमपुस्तकात कुठे लिहिले नसते तरी चार डावांत खेळणाऱ्याला ते आपोआप कळले असते.

मग न्याय्यतेचे काय? त्यासाठी पॉइंट्स असतात. दोन्ही बाजूंनी ठरावीक, बहुधा २०००, पॉइंट्सची फौज आणायची. पण किंमत ठरवताना नवे लोक हमखास एक चूक करतात. मारा दुप्पट आणि टिकाव दुप्पट, म्हणजे सैनिक चौपट चांगला, मग किंमतही चौपट. हे बरोबर नाही. ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६ च्या पुस्तकात मांडलेला वर्गाचा नियम असा, की सगळ्यांना सगळ्यांवर गोळी झाडता येत असेल तर फौजेचे बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. त्या हिशेबाने सैनिकाची किंमत म्हणजे मारा गुणिले टिकाव याचे वर्गमूळ. वरच्या सैनिकाची किंमत दुप्पटच. फक्त टिकाव दुप्पट असेल तर सुमारे १.४ पट. मात्र अरुंद वाटेत एका वेळी मोजकेच हात भिडतात, मागची रांग नुसती उभी राहते, आणि तिथे तोच सैनिक खरोखर चौपट मोलाचा ठरतो. म्हणून इमारतींची दाटी असलेल्या टेबलावर झुंडीची फौज दुबळी वाटते आणि मोकळ्या टेबलावर भयंकर. पॉइंट्स एकाच प्रकारच्या टेबलावर तपासले तर ते हमखास चुकतात.

दुसरा सापळा फाशाचाच. सहा बाजूंच्या फाशावर एका अंकाचा फरक सगळ्या फौजांना सारखा लागत नाही. ३ किंवा वर पडले की नेम लागणाऱ्याला अधिक १ दिला तर सहा फेकींतले त्याचे नेम चारांवरून पाचांवर जातात, म्हणजे २५ टक्के वाढ. ५ वर नेम लागणाऱ्या ऑर्कला (वॉरहॅमर ४०,००० मधली आडदांड, नेमात कच्ची फौज) तोच अधिक १ दिला तर दोनांवरून तीन, म्हणजे ५० टक्के. वजाबाकीत हे आणखी बोचते. त्याच खेळाच्या आठव्या आवृत्तीत (२०१७) चपळ, हाती न लागणाऱ्या फौजांना 'शत्रूच्या नेमाला उणे १' असा नियम मिळाला. कथेला तो शोभणाराच होता. पण असे दोन उणे एकत्र आले की ऑर्कला ७ पडायला हवेत, आणि फाशावर ७ नाही. एका फौजेच्या कथेने दुसऱ्या फौजेच्या बंदुका बंद पाडल्या. २०१८ मध्ये ऑर्कांना, फाशावर मूळ ६ पडला तर नेम लागलाच, असा नियम देऊन डागडुजी झाली. २०२० च्या नवव्या आवृत्तीत नेमावरचा एकूण बदल जास्तीत जास्त १ वर बांधला गेला. फौज लिहिताना ती सर्वांत वाईट नेमबाजासमोर मांडून पाहायची, हा धडा त्या तीन वर्षांनी दिला.

कथेतून नियम कसा जन्मावा याचे सर्वांत देखणे उदाहरण प्रिव्हेटियर प्रेसने काढलेल्या वॉरमशीन (२००३) आणि हॉर्ड्स (२००६) या जोडखेळांत आहे. पहिल्यात वाफेवर चालणारी युद्धयंत्रे, दुसऱ्यात जंगली श्वापदे. दोन्हीकडे एक मांत्रिक सेनापती, तो पडला की डाव गेला, आणि दोन्ही फौजा एकाच टेबलावर एकमेकींशी लढू शकतात. फरक ऊर्जेच्या दिशेत. यंत्राला स्वतःची इच्छा नाही, म्हणून सेनापती दर पाळीला आपल्याजवळचा फोकस यंत्रांना वाटतो, एका यंत्राला कमाल तीन. त्यातून जादा वार करायचा किंवा फेकीत एक फासा वाढवायचा. सगळा वाटला तर सेनापतीच उघडा पडतो. श्वापदाला मात्र इच्छाच फार. त्याच्याकडून जादा काम करून घेतले की त्याच्या अंगावर फ्युरी साचते, ती पुढच्या पाळीच्या सुरुवातीला सेनापतीने ओढून घ्यायची. सेनापतीच्या कुवतीबाहेरची काही श्वापदावर उरली, तर दोन फासे टाकून बेरजेत उरलेली फ्युरी मिळवायची; ठरलेली मर्यादा ओलांडली की श्वापद पिसाळते आणि मग स्वकीयांचीही खैर नसते. म्हणजे यंत्रवाला खेळाडू काटकसरीचा हिशेब मांडतो, श्वापदवाला कर्ज काढतो आणि फेडता येईल का याची धाकधूक बाळगतो. कथेचा एकही परिच्छेद न वाचलेला माणूस तासाभरात यंत्र आणि जनावर यांतला फरक हाताने अनुभवतो. याला वेष्टन कसे म्हणायचे?

आणि कथा इमानाने नियमात आणूनही घोटाळा होऊ शकतो. वॉरहॅमर ४०,००० मधले नेक्रॉन म्हणजे धातूचे, न मरणारे सांगाडे. पडले तरी पुन्हा उठणारे. त्यांच्या २००२ च्या पुस्तकात 'फेज आउट' होता: नेक्रॉन म्हणून गणल्या जाणाऱ्या मूर्तींची संख्या सुरुवातीच्या २५ टक्क्यांवर आली की उरलेली सगळी फौज अदृश्य होते आणि डाव संपतो. कथेत छान. टेबलावर मात्र प्रतिस्पर्धी डोकी मोजू लागला. मोनोलिथ हे त्यांचे अजस्र वाहन त्या गणतीत धरले जात नसे, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करून साधे सैनिक टिपायचे. ज्याने हौसेने मोनोलिथ आणले त्याची फौज तेवढी लवकर विरघळायची. २०११ च्या पुस्तकात हा नियम गेला, आणि कथाही बदलली: मुक्या सांगाड्यांच्या जागी घराणी आली, नाव आणि स्वभाव असलेले सरदार आले. इथे खेळाच्या गरजेने कथेला वळवले. ते योग्यच झाले, कारण चेहरा नसलेल्या फौजेत खेळाडूला आपले म्हणावे असे कोणी नव्हते.

याच्या शेजारी त्याच खेळातले टायरनिड ठेवून बघा. एका सामूहिक मनाने चालणारे किडे. त्यांचे काही मोठे जीव 'सिनॅप्स', म्हणजे त्या मनाशी जोडणारा दुवा, ठरावीक अंतरापर्यंत पुरवतात. जुन्या आवृत्त्यांत त्या टप्प्याबाहेर पडलेले छोटे जीव अंतःप्रेरणेने वागायचे आणि खेळाडूच्या हातून सुटायचे. हीही उणीवच, पण प्रतिस्पर्ध्यापुढे ती खरा प्रश्न टाकते: आत्ता अंगावर येणारी झुंड मारू, की मागचा मेंदू? आणि टायरनिड खेळाडूपुढे दुसरा: मेंदू किती पुढे आणू? फेज आउटने एका बाजूचा विचार थांबवला, सिनॅप्सने दोन्ही बाजूंना विचार करायला लावले. उणीव कशी लिहावी हे या दोन नियमांवरून शिकावे.

बॅटलटेक या महाकाय युद्धयंत्रांच्या खेळात क्लॅन हे वरचढ शस्त्रे घेऊन आलेले योद्ध्यांचे गट; त्यांच्या बाबतीतली चूक निराळी. मूळ लेझर तोफ, लार्ज लेझर, ५ टनांची, ८ नुकसान करणारी, नकाशावरच्या १५ षट्कोनांपर्यंत पोचणारी. क्लॅनची लांब पल्ल्याची तोफ ४ टनांची, १० नुकसान, पल्ला २५. उष्णता तेवढी ८ ऐवजी १२. या वरचढपणाला लगाम म्हणून कथेत द्वंद्वाचा मान होता: एकास एक लढायचे, कमीत कमी बळ लावण्याची बोली करायची. पण मान पाळणे खेळाडूच्या मर्जीवर राहिले, की जिंकायला बसलेला खेळाडू तो बाजूला ठेवतो आणि उरते ती फक्त चांगली तोफ. पुढे प्रत्येक यंत्राला बॅटल व्हॅल्यू देऊन बळ मोजावे लागले. ताकद आकड्यांत आणि बंधन निव्वळ सभ्यतेत, अशी वाटणी टिकत नाही.

ऐतिहासिक खेळांत कथेची जागा इतिहास घेतो आणि जबाबदारी वाढते. दुसऱ्या महायुद्धावरच्या बोल्ट ॲक्शनच्या पहिल्या आवृत्तीत (२०१२) गोळीबाराखालच्या तुकडीवर पिन, म्हणजे दडपणाच्या खुणा, साचत. प्रत्येक पिन नेमात आणि मनोबलात एक अंक कापायचा, आणि मनोबल नवख्यांचे ८, सरावलेल्यांचे ९, मुरलेल्यांचे १०. हे कोणत्याही देशाच्या सैनिकाला सारखे लागे, म्हणून चोख होते. राष्ट्रानुसार गुण द्यायची वेळ आली की मात्र जपून. मशीनगनला एक जादा गोळी हा शस्त्राविषयीचा आणि कवायतीविषयीचा दावा झाला, तो तपासता येतो. 'अमुक देशाचे लोक शूर' हा दावा तपासता येत नाही, तो नियमात नसावा.

स्वतः फौज रचणाऱ्यांसाठी क्रम असा ठेवावा. आधी एका वाक्यात लिहा, ही फौज काय कधीच करत नाही. मग तिच्या खेळाडूला दर पाळीला कोणता निर्णय घ्यावा लागेल ते लिहा. सबंध फौजेला एकच नियम, प्रत्येक तुकडीला फार तर एक. याहून जास्त झाले की दोन्हीकडे विसरले जातात आणि अर्धा वेळ पाने उलटण्यात जातो. आकडे सर्वांत शेवटी. तपासताना बाजू बदलून खेळा, दोन तऱ्हेच्या टेबलांवर खेळा, आणि दोन तपासण्यांच्या मधे एकच आकडा बदला. 'भीती वाटत नाही' असा नियम देताना विशेष सांभाळा: समोरची फौज भीतीवरच जगणारी असेल तर तिला करण्यासारखे काही उरत नाही.

लेखात नवख्यांना 'दिसायला आवडेल ती फौज घ्या' असा सल्ला आहे, तोही अपुरा. वॉरहॅमर ४०,००० च्या दहाव्या आवृत्तीत ताउ फौजेच्या साध्या शिपायाची पल्स रायफल ताकद ५ ची, ३० इंच पोचणारी. हातघाईत मात्र तो ५ वरच वार लावतो. अशी फौज घेणाऱ्याचा बहुतेक डाव अंतर राखण्यात आणि मागे सरकण्यात जातो. ज्याला धावून जाऊन भिडायची हौस आहे तो मूर्ती कितीही सुंदर असल्या तरी महिन्याभरात कंटाळेल. त्यापेक्षा मूर्तींच्या बेसच्या मापाच्या पुठ्ठ्याच्या चकत्या कापाव्यात, त्यांवर नावे लिहावीत, ५०० पॉइंट्सचे तीन डाव खेळावेत, आणि तिसऱ्या डावात हरतानाही मजा आली तर त्या फौजेची पहिली पेटी घ्यावी.

आपला,
एक वाचक