ॲलन की (स्क्रू फिरवायची षटकोनी चावी) माझ्या हातात देणाऱ्या सायकलच्या दुकानातल्या दादांना

दादा, हे समोर बोलायला हवं होतं, पण त्या दिवशी घसा दाटून आला आणि नुसतं थँक्यू म्हणून निघाले, म्हणून आज लिहितेय.

रोड बाईक घेतल्यापासून मला उताराची धास्ती होती. ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलबारच्या खाली वळलेल्या भागावर, हात ठेवला की ब्रेकचा लिव्हर बोटाच्या टोकाला जेमतेम लागायचा, मग डिस्क ब्रेक असून तरी जोर कुठून येणार? डाव्या हाताने ब्रेकचाच लिव्हर आडवा ढकलून मोठ्या चेनरिंगवर (पेडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्रावर) जायचं तर अख्खा पंजा हूडवरून, लिव्हरच्या वरच्या रबरी पकडीवरून, उचलावा लागायचा, आणि घरी आल्यावर अंगठ्याचं मूळ ठणकत राहायचं. ज्याला सांगावं तो म्हणे सवय होईल, ग्रिपचे व्यायाम कर, एकाने तर सरळ फ्लॅट बार लाव म्हणून सांगितलं, तुला कुठे रेस मारायचीय! आणि ज्यांनी सायकल विकली त्यांनी लिव्हर जवळ घ्यायला एक स्क्रू असतो हेसुद्धा कधी सांगितलं नाही. राग येतो हो अजून.

तुम्ही आधी काहीच बोलला नाहीत. मला ड्रॉप्स धरायला लावलं, खाली वाकून बोटाचं कुठलं पेर लिव्हरवर येतंय ते बघितलं, आणि ॲलन की माझ्या हातात दिलीत. म्हणालात, तुम्हीच फिरवा, बोट तुमचं आहे, कुठे बरं वाटतं ते मला बाहेरून कसं कळणार. मी थोडं फिरवायचे, दाबून बघायचे, परत फिरवायचे, आणि तुम्ही शांत उभे, एकदाही घाई नाही. माझ्या हाताबद्दल मलाच विचारणारे तुम्ही पहिले.

स्क्रू पूर्ण आत घेतला तर ब्रेक लागेपर्यंत लिव्हर बारला टेकायला आला, तेव्हा चालतंय की म्हणून तुम्ही सोडून दिलं नाहीत. स्रॅम कंपनीचा लिव्हर धरायला दिलात, त्यात ब्रेकचा लिव्हर आडवा ढकलायचा नसतो, गिअरचं पॅडल वेगळं. शिमानोच्या डीआय२ चा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक गिअरचा, दिलात, नुसतं बटण दाबायचं. आणि मग स्वतःहून म्हणालात की तुम्हाला एवढा खर्च करायची गरज नाही, शिमानोच्या १०५ या गिअर-ब्रेकच्या मालिकेत लहान हातांसाठीच बनवलेला एसटी-आर७०२५ लिव्हर आहे, तो बघा. महागडं सहज विकता आलं असतं तुम्हाला, मी घेतलंही असतं. समोरच्याचं ऐकून घेणं आणि त्याला लागेल तेवढंच विकणं, एवढी साधी माणुसकी असली तरी कितीजणांची सायकल कोपऱ्यात धूळ खात पडणार नाही.

आता ड्रॉप्समधून दोन बोटांनी ब्रेक लागतो, उतारावर खांदे आखडत नाहीत. मनापासून आभार दादा. आणि हो, बार टेप, म्हणजे हँडलबारवर गुंडाळायची पट्टी, तुम्ही म्हणालात तशी पातळच घेतलीये, जाड टेपने बारचा घेर वाढतो आणि लहान हाताला पकड येत नाही हे आता मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटलेय.